कुंडीतली कॉफी

नर्सरीतून आणलेल्या छोट्या कुंडीत कॉफीचं जे दाट, चकचकीत झुडूप दिसतं, ते बहुतेक वेळा एक झुडूप नसतंच. खालची पानं बाजूला सारून मातीजवळ पाहिलं तर पाच, सात, कधी दहा बारीक खोडं एकमेकांना खेटून उभी असतात. प्रत्येक खोड म्हणजे स्वतंत्र बीपासून उगवलेलं स्वतंत्र झाड. कुंडी भरलेली दिसावी म्हणून बिया एकत्र पेरलेल्या असतात. घरी आल्यावर पहिलं वर्ष बरं जातं. मग मुळांची दाटी होते, सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत पुरत नाही, खालची पानं पिवळी पडून गळू लागतात आणि ‘कॉफी घरात जगत नाही’ असं ठरून जातं. खरं तर ज्यांना पुढे माणसाच्या उंचीपेक्षा जास्त वाढायचं असतं, अशी दहा झाडं मूठभर मातीत कोंडलेली असतात.

म्हणून रोप घरी आलं की आधी ही दाटी कमी करावी. मातीचा गोळा तासभर पाण्यात ठेवून सैल केला की रोपं सुटी होतात. त्यातली जोमदार दोन-तीन वेगवेगळ्या कुंड्यांत लावता येतात. मुळं फारच गुंतली असतील तर एकच रोप ठेवायचं आणि बाकीची न उपटता मातीलगत कात्रीनं कापून टाकायची. मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो. कापलेल्या रोपांची मुळं मातीतच कुजतात आणि राहिलेल्या रोपाच्या मुळांना धक्का लागत नाही. कॉफीला मुळांची ओढाताण सोसत नाही.

कॉफी कशी सांभाळायची, याबद्दलचे बहुतेक प्रश्न ती मुळात कुठे वाढली हे पाहिलं की सुटतात. अरेबिका जातीचं मूळ घर म्हणजे इथिओपियाच्या नैर्ऋत्य भागातली डोंगराळ जंगलं. शेजारच्या दक्षिण सुदानमधल्या बोमा पठारावरही ती रानटी आढळते. समुद्रसपाटीपासून साधारण १००० ते २००० मीटर उंचीवर, मोठ्या वृक्षांच्या छत्राखाली, जंगलाच्या मधल्या थरात ती वाढते. तिथे ऊन पानांमधून गाळून येतं, हवा दमट असते, तापमान वर्षभर साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपास फिरतं आणि पायाशी पालापाचोळ्याचा कुजत जाणारा जाड थर असतो. कडक ऊन, कोरडा वारा, गोठवणारी थंडी, साचलेलं पाणी यांच्याशी या झाडाचा फारसा संबंधच आलेला नाही.

कॉफी रुबिएसी कुळातली आहे. अनंत, कदंब, बारतोंडी आणि क्विनाइन देणारा सिंकोना हे तिचे भाऊबंद. या कुळाची खूण घरच्या रोपावरही पाहता येते. पानं नेहमी समोरासमोर जोडीनं येतात आणि दोन देठांच्या मधोमध खोडावर एक छोटं त्रिकोणी उपपर्ण असतं. नखानं हलकेच चाचपलं तर ते बोटाला लागतं. शेंड्याकडच्या कोवळ्या उपपर्णांतून डिंकासारखा चिकट स्राव येतो आणि उमलायच्या आधीचा कोंब त्यात गुंडाळलेला असतो. हा स्राव पाहून काही जण कीड लागली असं समजून कोंब पुसून काढतात. तसं करू नये, तो कोंबाचा संरक्षक लेप असतो.

आता उजेडाकडे वळू. सावलीत वाढलेल्या कॉफीच्या पानाचं प्रकाशसंश्लेषण भर दुपारच्या उन्हाच्या फार तर पाव ते तिसरा हिस्सा प्रकाशातच कमाल पातळीला पोचतं. त्याहून जास्त प्रकाश आला तरी पान जास्त अन्न बनवू शकत नाही. उरलेली ऊर्जा कशीतरी जिरवावी लागते आणि ती जिरली नाही की पेशींमधली यंत्रणाच बिघडते. काचेला टेकलेल्या पानांवर आधी फिकट आणि मग तपकिरी, कागदासारखे कोरडे डाग पडतात ते यामुळे. हे डाग परत हिरवे होत नाहीत. सकाळचं कोवळं ऊन मिळणारी खिडकी उत्तम. ती नसेल तर भरपूर उजेडाची पण थेट ऊन न येणारी जागा चालते, किंवा पातळ पडद्यामागची.

पण म्हणून कॉफीला खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यातही ठेवायचं नाही. जंगलातली सावली आणि खोलीतली सावली यांत फार अंतर आहे. आपले डोळे कमी उजेडाशी चटकन जुळवून घेतात, त्यामुळे खिडकीपासून तीन-चार मीटरवरचा कोपरा आपल्याला बऱ्यापैकी उजळ वाटतो. प्रत्यक्षात तिथे खिडकीशी मिळणाऱ्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग पोचतो. अशा जागी झाड मरत नाही, पण दोन पेरांमधलं अंतर वाढत जातं, खोड लवतं, फांद्या विरळ होतात आणि फूल कधीच येत नाही.

जागा बदलायची झाली तर आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू बदलावी. सावलीत तयार झालेलं पान रुंद आणि पातळ असतं, जास्त प्रकाशात तयार झालेलं आकारानं लहान आणि जाड. पूर्ण वाढलेल्या पानाला आपली रचना बदलता येत नाही. नव्या जागेला साजेशी पानं नव्यानंच यावी लागतात, आणि तोवर जुन्या पानांवर झाडाला तग धरायचा असतो.

हवेचा कोरडेपणा ही घरातली खरी अडचण आहे. कॉफीच्या पानांवरची पर्णरंध्रं कोरड्या हवेला फार लवकर दाद देतात. माती ओली असली तरी हवा कोरडी झाली की ती मिटतात. रंध्रं मिटली की पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत येणंही थांबतं आणि वाढ खुंटते. वातानुकूलन किंवा हीटर चालणाऱ्या खोलीत कॉफी महिनोन्‌महिने जशीच्या तशी राहते आणि पानांची टोकं करपत जातात, त्यामागे हे कारण असतं. यावर पानांवर पाणी फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा उपयोग काही मिनिटांपुरता, हे पाणी उडून जाईपर्यंतच. त्यापेक्षा चार-पाच झाडं जवळजवळ ठेवावीत. प्रत्येक झाड पानांतून वाफ सोडतं आणि त्यांच्यामधली हवा थोडी दमट राहते. थंड किंवा गरम हवेचा झोत थेट पानांवर येणार नाही, एवढं मात्र नक्की पाहावं.

थंडीबद्दल जास्त सांगायची गरज नाही. पारा १० अंशांच्या खाली रेंगाळू लागला की पानं काळवंडतात, आणि दहिवर गोठलं तर झाड जातं. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात पडलेल्या हिमतुषारानं तिथले कॉफीचे मळे एका फटक्यात उद्ध्वस्त केले होते. बाहेर ठेवलेली कुंडी अशा रात्रींच्या आधीच आत घ्यावी.

रोप न आणता बीपासून सुरुवात करायची असेल तर बी ताजं हवं. भाजलेलं बी मेलेलंच असतं, पण भाजण्यासाठी विकली जाणारी कच्ची हिरवी कॉफीही बहुधा उगवत नाही. यामागे एक विलक्षण गोष्ट आहे. गहू, वाटाणा यांसारखी बियाणी वाळवून थंड जागी ठेवली की वर्षानुवर्षं टिकतात. आंबा, फणस यांच्या बिया वाळल्या की मरतात. कॉफी या दोन्हींत बसत नाही. ती वाळणं काही प्रमाणात सोसते, पण वाळल्यावर गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीत ठेवली की लवकर मरते. एलिस, हाँग आणि रॉबर्ट्स या संशोधकांनी १९९० साली बियांच्या साठवणुकीचा ‘मधला’ असा तिसरा वर्ग सुचवला, तो कॉफीच्याच बियांवरच्या प्रयोगांतून. साध्या हवेत ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती काही महिन्यांतच घसरते. म्हणून नुकत्याच पिकलेल्या लाल फळातली बी मिळाली तर सगळ्यांत चांगलं. बी फ्रिजमध्ये जपून ठेवण्याचा मोह टाळावा.

फळ सोललं की गोडसर, बुळबुळीत गर लागतो. तो धुऊन काढला की चर्मपत्रासारखं पिवळसर टरफल दिसतं. त्याच्या आत रुपेरी पापुद्रा आणि त्याखाली आपल्या ओळखीचं, मधोमध चीर असलेलं बी. हे सगळं बी म्हणजे भ्रूण नव्हे. त्याचा जवळजवळ सगळा भाग राखीव अन्नसाठा असतो, आणि तोही मॅनन नावाच्या शर्करांच्या साखळ्यांनी बनलेला, त्यामुळे दगडासारखा कडक. भ्रूण जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब असतो आणि बीच्या एका टोकाशी दडलेला असतो. उगवताना त्याला हा कडक साठा विकरांनी मऊ करत करत बाहेर वाट काढावी लागते. कॉफी उगवायला इतका वेळ लागतो त्याचं हे एक कारण.

दुसरी अडचण कॅफीनची. हे द्रव्य वनस्पतींच्या पेशी विभागताना मधली भिंत तयार होऊ देत नाही. म्हणजे बीमध्ये साठलेलं कॅफीन खुद्द भ्रूणालाही घातकच. कॉफीनं त्यातून मार्ग काढलेला दिसतो. मुळाचं टोक आधी पेशी लांबवून कॅफीनच्या साठ्यापासून दूर सरकतं आणि पेशींचं विभाजन त्यानंतर जोर धरतं. ज्या बीमुळे आपली झोप उडते, त्याच्या आत एवढी काटेकोर वेळ पाळली जाते, याचं मला फार कौतुक वाटतं.

पेरताना टरफल हातानं सोलून काढावं, म्हणजे उगवण लवकर होते. बी रात्रभर पाण्यात ठेवून सपाट बाजू खाली येईल असं साधारण एक सेंटिमीटर खोल पेरायचं. माध्यम हलकं हवं. कोकोपीट आणि जाड वाळूचं मिश्रण चालतं. ते ओलसर असावं, चिखल नसावा. २८ ते ३० अंशांची ऊब मिळाली तर तीन-चार आठवड्यांत हालचाल दिसते, गारव्यात दोन-तीन महिनेही लागतात. मधेच उकरून पाहू नये.

आधी मूळ खाली जातं. मग कोवळ्या खोडाची कमान माती फोडून वर येते आणि सरळ होताना आख्खं बी डोक्यावर घेऊनच उभी राहते. मळेवाले या अवस्थेला ‘सैनिक’ म्हणतात. काही आठवडे रोप असंच उभं असतं. वरून काहीच घडत नाहीसं दिसतं, पण आत बीदलं उरलेला साठा शोषून घेत असतात. नवखे लोक इथे मदत करायला जातात आणि टोपी ओढून काढतात. तिच्याबरोबर बीदलंही तुटतात आणि रोप संपतं. टोपी सुकून अडकली आहे असं वाटलं तर फार तर पाण्याचा थेंब सोडावा. ती गळून पडली की दोन गोल, लाटदार कडांची पानं पसरतात. ही ‘फुलपाखरू’ अवस्था. कॉफीची खरी, टोकदार पानं यानंतर येतात.

याच वेळी रोप कुंडीत हलवतात, आणि इथे मूळ सरळ बसलंय ना हे डोळ्यांनी पाहणं फार महत्त्वाचं. घाईत लावताना सोटमूळ खाली दुमडलं तर ते आयुष्यभर तसंच वाकडं राहतं. झाड दोन-तीन वर्षं ठीक वाढतं आणि नेमकं फळं धरायच्या वयात कारण न कळता मलूल होतं. कुंडी रुंदीपेक्षा खोलीला जास्त असावी. वाढत्या वयात दर एक-दोन वर्षांनी एकच माप मोठी करावी. लहान रोपाला एकदम मोठी कुंडी दिली तर मुळं न पोचलेली माती ओलीच राहते आणि कुजते.

माती भुसभुशीत, पाण्याचा निचरा करणारी आणि किंचित आम्ल हवी. सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असावा. बागेतली माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट आणि थोडी जाड वाळू हे मिश्रण बहुतेकांना जमतं. वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर सुकला की भरपूर पाणी द्यायचं, खालून निथळू द्यायचं आणि बशीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं. तहानलेली कॉफी पानं एकदम खाली टाकते आणि पाणी मिळालं की काही तासांत परत सावरते. पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरीही पानं अशीच लोंबतात, कारण कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून लोंबलेली पानं पाहून थेट पाण्याचं भांडं उचलू नये. आधी बोट मातीत घालून पाहावं.

पाणी जड असेल तर त्यातल्या क्षारांमुळे माती हळूहळू अल्कली होत जाते. तशा मातीत लोह असलं तरी ते मुळांना घेता येईल अशा रूपात उरत नाही. मग शेंड्याकडची नवी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा पिवळेपणा कुठल्या पानांवर आहे ते पाहायचं. लोह एकदा पानात गेलं की झाडाला ते तिथून काढून दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून त्याची टंचाई आधी नव्या पानांत दिसते. नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, म्हणून त्यांची टंचाई आधी खालच्या पानांत दिसते. एवढं समजलं की खताच्या दुकानात निम्मी चूक टळते. जड पाण्यावर साठवलेलं पावसाचं पाणी हा सगळ्यांत सोपा उपाय.

कॉफीचा उरलेला चोथा कॉफीच्याच कुंडीत टाकावा, ही कल्पना लोकांना फार आवडते. मला ती मान्य नाही. पाण्यात उतरून गेलेल्या चोथ्यात आम्लता फारशी उरत नाही, त्यामुळे माती आम्ल करण्याचा त्याचा उपयोग थोडाच. कच्चा चोथा कुजताना मातीतलं नत्र सूक्ष्मजीवच वापरून टाकतात, वरचा थर घट्ट होऊन पाणी अडवतो, आणि उरलेलं कॅफीन कोवळ्या मुळांच्या वाढीला अडथळा आणतं. तो आधी कंपोस्टात पूर्ण कुजवावा आणि मग द्यावा.

वर्ष-दीड वर्षात, आठ-दहा पानांच्या जोड्या झाल्यावर, खोडातून पहिल्या आडव्या फांद्या निघतात. कॉफीच्या बांधणीतली सगळ्यांत सुंदर गोष्ट इथून सुरू होते. या झाडाला दोन प्रकारच्या फांद्या असतात. सरळ वर जाणारं खोड, आणि त्यातून जोडीजोडीनं काटकोनात निघणाऱ्या आडव्या फांद्या. खोडावर प्रत्येक पानाच्या बगलेत एकाखाली एक असे बरेच डोळे असतात. त्यातला सर्वांत वरचा डोळाच फक्त आडवी फांदी देतो, आणि तोही एकदाच. ती फांदी तुटली तर त्या पेरावर पुन्हा आडवी फांदी कधीच येत नाही. खालचे डोळे जागे झाले तरी त्यांतून सरळ वर जाणारे फुटवेच निघतात. फुलं आणि फळं येतात ती आडव्या फांद्यांवर.

त्यामुळे कात्री चालवण्याआधी थांबून विचार करावा. खालच्या आडव्या फांद्या ‘झाड नीटस दिसावं’ म्हणून छाटल्या तर ती जागा कायमची रिकामी होते. उंची आवरायची असेल तर शेंडा खुडावा, आडव्या फांद्या जशाच्या तशा राहतात. शेंडा गेला की खालून सरळ फुटवे जोरात येऊ लागतात, ते कोवळे असतानाच बोटांनी काढून टाकावेत. छाट कलमाचंही तसंच. आडव्या फांदीचा तुकडा लावला तर तो मूळ धरतो, पण पुढे वाढतो आडवाच. तो जमिनीलगत पसरतो, त्याचं उभं झाड होत नाही. त्या तुकड्यातल्या पेशी जणू आपली दिशा विसरतच नाहीत. उभं झाड हवं असेल तर कलम सरळ फुटव्याचंच घ्यावं.

पानाची खालची बाजू भिंगातून पाहिली तर मधली शीर आणि बाजूच्या शिरा जिथे भेटतात त्या कोपऱ्यांत छोट्या खळग्या दिसतात. वरच्या बाजूनं त्या जागी बारीक फुगवटा असतो. हा रोग नव्हे. या खळग्यांत सूक्ष्म कोळी राहतात. त्यांपैकी काही दुसऱ्या उपद्रवी कोळ्यांना खातात, काही पानावरची बुरशी. झाडानं स्वतःच्या पानावर पाहुण्यांसाठी बांधलेल्या या खोल्या एकदा जरूर पाहाव्यात.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी आडव्या फांद्यांच्या बगलेत कळ्या धरतात, आणि इथे घरच्या कॉफीचं घोडं बहुतेकदा अडतं. कळ्या काही मिलिमीटर वाढतात आणि थांबतात. आठवडे जातात, महिने जातात, कळ्या हिरव्याच. रानात कोरड्या दिवसांनंतर पहिला जोराचा पाऊस पडला की साधारण आठ ते बारा दिवसांत एकाच वेळी सगळं रान पांढरं होतं. पावसामुळे कळ्या उमलतात एवढंच पूर्वी माहीत होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ पाउलो आल्विम यांनी १९६० साली ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं की नुसतं पाणी पुरत नाही, त्याआधी पाण्याचा ताण बसावा लागतो. ज्या झाडांना सतत ओल मिळते त्यांच्या कळ्या झोपलेल्याच राहतात. घरी आपण नेमकं हेच करतो. प्रेमानं, नेमानं पाणी घालत राहतो आणि कळ्यांना जागं होण्याची खूण मिळतच नाही.

कळ्या धरल्यावर काही आठवडे पाणी कमी करून पाहा. पानं दुपारी किंचित मऊ पडावीत, पण गळू नयेत, एवढाच ताण द्यायचा. मग एके दिवशी कुंडी तळापर्यंत भिजेल असं पाणी द्यायचं. कळ्या फुगतात, पांढऱ्या होतात आणि एका पहाटे उमलतात. फुलं चांदणीसारखी, पाच पाकळ्यांची, पेरापेराशी झुबक्यानं येणारी. त्यांचा वास मोगऱ्याच्या कुळातला वाटावा असा. दोन-तीन दिवसांत ती सुकून तपकिरी होतात. त्या दिवसांत शक्यतो घरीच असावं.

अरेबिकाला फळधारणेसाठी दुसरं झाड लागत नाही, स्वतःचे पराग स्वतःला चालतात. फांदी हलकेच हलवली तरी घरात काम होतं. रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या मुख्य जातीला मात्र वेगळ्या वाणाचं झाड जवळ हवं. अरेबिका जन्माला आली तीच रोबस्टा आणि ‘कॉफिया युजेनिऑइडीस’ या दोन जातींच्या संकरातून, म्हणून तिच्यात २२ ऐवजी ४४ गुणसूत्रं असतात. एकट्यानं फळण्याच्या या गुणानं जगाचा इतिहास बदलला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जावा बेटावरून ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात कॉफीचं झाड आलं. तिथून १७१४ साली एक झाड फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट गेलं आणि पॅरिसच्या राजोद्यानात काचघरात वाढू लागलं. १७२० च्या दशकात गाब्रिएल द क्लियू या नौदल अधिकाऱ्यानं तिथल्या वंशातलं रोप समुद्रमार्गे मार्टिनिक बेटावर नेलं. जहाजावर पाण्याची टंचाई झाली तेव्हा आपल्या वाट्याचं पाणी त्यानं रोपाला घातलं, असं त्यानं स्वतःच पुढे लिहून ठेवलं. अमेरिका खंडातल्या जुन्या कॉफीचा मोठा वाटा अशा मोजक्या, कुंड्यांत सांभाळलेल्या झाडांच्या वंशातला आहे.

त्याची किंमतही मोठी आहे. इतक्या थोड्या झाडांपासून वाढलेल्या पिकात विविधता कमी असते, आणि एकाला जडलेला रोग सगळ्यांना जडतो. श्रीलंकेत १८६९ साली ओळखल्या गेलेल्या तांबेरा या पानांवरच्या बुरशीजन्य रोगानं पुढच्या काही दशकांत तिथली कॉफी जवळपास संपवली आणि मळ्यांत चहा आला. रोगाला तोंड देणारे गुण आता रानटी नातेवाइकांत शोधावे लागतात. लंडनमधल्या क्यू वनस्पती उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली कॉफीच्या १२४ रानटी जातींचा आढावा घेतला, तेव्हा त्यांतल्या ६० टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं. रानटी अरेबिकाही त्यांत आहे. तांबेऱ्याचे बीजाणू पानावर पाण्याचा थर असेल तरच रुजतात. संध्याकाळी पानं भिजवू नयेत याला हेही एक कारण. घरातल्या झाडाला मात्र तांबेऱ्यापेक्षा पिठ्या ढेकूण आणि खवले कीड जास्त छळतात. खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली की पानांच्या बगला तपासाव्यात. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं कीड पुसून घ्यावी आणि आठवड्यानं पुन्हा पाहावं.

फळं पिकायला सात-आठ महिने लागतात. पहिल्या बहराला फार फळं ठेवू नयेत. रानातल्या सावलीत फुलंच मोजकी येतात, त्यामुळे जास्तीची फळं गाळून टाकण्याची सोय या झाडात नीट तयार झालेली नाही, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. जास्त उजेडात भरपूर फळं धरली की झाड पानांतला आणि मुळांतला साठा ओतून ती पोसतं आणि फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. लहान झाडावरची निम्मी हिरवी फळं वेळीच काढली तर ते वाचतं. कुत्री-मांजरं असतील तर फळं आणि पानं त्यांच्या तोंडी लागणार नाहीत असं ठेवावं. कॅफीन त्यांना विषारी आहे. मधमाश्यांच्या बाबतीत मात्र हेच कॅफीन वेगळं काम करतं. कॉफीच्या मधुरसात ते अगदी थोडं असतं. २०१३ साली झालेल्या प्रयोगांत अशा कॅफीनयुक्त मधुरसाबरोबर अनुभवलेला वास एक दिवसानंतरही लक्षात ठेवणाऱ्या मधमाश्या तिप्पट निघाल्या होत्या.

फळं लाल झाली की गर काढून बिया दिवसभर पाण्यात ठेवतात, बुळबुळ सुटली की धुऊन सावलीत वाळवतात, टरफल काढतात आणि भाजतात. भाजलेली एक बी साधारण एका ग्रॅमचा सातवा हिस्सा भरते. १० ग्रॅम पुडीचा एक कप करायचा तर ७० बिया, म्हणजे ३५ फळं लागतात. कुंडीतलं चांगलं झाड वर्षाला एवढे काही कप देऊ शकतं. पेयासाठी हा सगळा खटाटोप परवडणारा नाही, पण स्वतःच्या झाडाच्या बिया भाजताना घरभर पसरणारा वास मला तरी पुरेसा वाटतो.

आठ-दहा वर्षांनी झाड खालून उघडं पडतं, पानं वरच्या टोकाला तेवढी उरतात. अशा झाडाला टाकून देऊ नये. वाढीचा हंगाम सुरू होताना खोड मातीपासून फूटभर ठेवून तिरका काप देऊन कापावं. मळ्यांतही जुनी झाडं अशीच तरुण करतात. काही आठवड्यांत खोडावरचे झोपलेले डोळे जागे होऊन बरेच सरळ फुटवे येतात. ते वीतभर झाले की कापाच्या खालचा, खोडाला घट्ट धरलेला एकच जोमदार फुटवा ठेवायचा आणि बाकीचे काढायचे. पानं कमी असल्यामुळे त्या काळात पाणी बेतानंच द्यायचं. मुळं जुनी आणि मुरलेली असल्यामुळे हा फुटवा बीच्या रोपापेक्षा कितीतरी वेगानं वाढतो, आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच्या आडव्या फांद्यांवर पुन्हा कळ्या धरतात.